खाली पाहणारी बत्ती

वैशाख लागला म्हणजे नागपूरकराच्या दिवसाचे वेळापत्रकच पालटते. पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो, दुपारी बर्डीचा मुख्य रस्तासुद्धा ओस पडतो, कूलरच्या ताट्यांवर पाणी मारणे हा घराघरांतला नित्यविधी होतो, आणि ज्या माणसाला सायकलीवर बसल्यावाचून चैन पडत नाही त्याच्या वाट्याला सूर्यास्तानंतरचे आणि सूर्योदयापूर्वीचे असे मोजके प्रहर तेवढे उरतात. पहाटे चार-साडेचारच्या सुमारास फुटाळा तलावाच्या काठाने सेमिनरी हिल्सच्या चढाकडे, अंबाझरीवरून अमरावती रस्त्याला किंवा वर्धा रस्त्याने बुटीबोरीच्या दिशेने निघालेले असे हौशी स्वार मला नेहमी भेटतात. त्यांच्या हँडलावर दिवे असतात. परंतु त्याच वेळी त्याच रस्त्यांवर आणखी एक वर्ग सायकल चालवीत असतो. वृत्तपत्रांचे गठ्ठे कॅरियरला बांधलेले विक्रेते, दुधाच्या कॅना लटकवलेले गवळी आणि हिंगण्याच्या कारखान्यातून रात्रपाळी संपवून परतणारे कामगार यांना सायकल ही हौस नसून उपजीविकेचे साधन आहे, आणि त्यांतील बहुतेकांच्या सायकलीला मी बत्ती पाहिलेली नाही. त्या नसलेल्या बत्तीविषयी मला लिहावयाचे आहे; कारण ती अल्प खर्चात, घरच्या घरी, चार साध्या हत्यारांनिशी तयार करता येते, असा माझा स्वानुभव आहे.

सायकलीच्या बत्तीचा इतिहास सायकलीइतकाच जुना म्हणता येईल. प्रारंभी घासलेटाची चिमणी असलेले डबीवजा दिवे होते. पुढे कार्बाइडचे दिवे आले, ज्यांच्या वरच्या कप्प्यातून पाण्याचे थेंब खालच्या कॅल्शियम कार्बाइडवर पडत आणि निर्माण होणारा ॲसिटिलीन वायू, लसणासारखा उग्र दर्प सोडीत, पांढऱ्या शुभ्र ज्योतीने जळे. त्यानंतर आला तो डायनॅमो: पुढच्या किंवा मागच्या चिमट्याला बसवलेली ती लोखंडी बाटली, जिचे दातेरी डोके टायरला टेकवले की पेडल जड होई आणि बत्ती पेटे. १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलची पाळी सुटल्यावर रस्त्यावर येणाऱ्या सायकली ज्यांनी पाहिल्या आहेत, त्या पिढीला हे सारे मी सांगण्याची गरज नाही. ‘विनाबत्ती’ आणि ‘डबलसीट’ हे त्या काळी सायकलस्वाराचे दोन ठळक अपराध मानले जात, चौकातला हवालदार अंधारातून अचानक प्रकट होऊन सायकल अडवी, आणि कित्येक शाळकरी मुले दंडाच्या भीतीने हातात मेणबत्तीचा कंदील किंवा विजेरी धरून घर गाठीत. तो बंदोबस्त पुढे सैल होत होत संपला, आणि त्याबरोबर बत्तीही सायकलीवरून उतरली. दंडाची मला ओढ नाही. तथापि ज्या वस्तूवाचून जिवाला धोका संभवतो ती वस्तू एखाद्या हुकमाची मुदत संपावी तशी व्यवहारातून नाहीशी होते, याचा विषाद मात्र वाटतो.

जुन्या डायनॅमोचा दोष तो निर्माण करीत असलेल्या विजेत नव्हता, त्या विजेचा अपव्यय करणाऱ्या बल्बात होता. प्रमाणभूत डायनॅमो ६ व्होल्टचा आणि ३ वॅटचा असतो, त्यांतले २.४ वॅट पुढच्या बल्बाला आणि ०.६ वॅट मागच्या तांबड्या बल्बाला मिळत. तापलेल्या तारेचा असा लहान बल्ब एका वॅटमागे फार तर १०-१२ लुमेन प्रकाश देतो, आणि उरलेली सर्व शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. उतारावर सायकल वेगाने धावू लागली की बल्ब प्रखर होई आणि पाहता पाहता उडून जाई. दोहोंपैकी एक उडाला की त्याच्या वाटणीचा भार दुसऱ्यावर पडून तोही बहुधा त्याच्या मागोमाग जाई. एलईडीने ही परिस्थिती मुळापासून बदलली. तांबडा एलईडी १९६२ पासून परिचित होता. परंतु निळ्या प्रकाशावाचून पांढरा प्रकाश साधत नाही, आणि प्रखर निळा एलईडी तयार करण्यास आणखी तीन दशके लागली. जपानच्या इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी ते दुर्घट कार्य सिद्धीस नेले, ज्याबद्दल त्यांना २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक लाभले. आज आपण ज्याला पांढरा एलईडी म्हणतो तो वस्तुतः निळाच असतो. त्याच्यावर पिवळट स्फुरद्रव्याचा लेप असतो, निळ्याचा काही अंश त्या लेपात पिवळा होऊन बाहेर पडतो, आणि दोहोंच्या मिश्रणाने डोळ्याला पांढऱ्याचा प्रत्यय येतो. असा एलईडी एका वॅटमागे सहज १०० लुमेन देतो. पायांचे श्रम तेच, प्रकाश मात्र आठ-दहा पटींनी अधिक.

या आकड्यांनी हुरळून जाऊन मी माझी पहिली बत्ती केली, आणि तिथेच माझी चूक झाली. जितका अधिक प्रकाश तितकी बत्ती उत्तम, अशा समजुतीने मी बाजारात मिळणारा १० वॅटचा एलईडी पत्र्याच्या डबीत बसवला, पुढे साधी काच लावली आणि हँडलावर आवळून पहाटे बाहेर पडलो. झाडांचे शेंडे, दुकानांच्या पाट्या, विजेच्या तारा, सारे काही लख्ख उजळले. रस्ता तेवढा फिकट राहिला. समोरून एक वयस्कर वृत्तपत्रविक्रेते येत होते. त्यांनी एक हात डोळ्यांवर धरला, सायकल डावीकडे घेतली, आणि सिमेंटचा रस्ता जिथे संपतो व कडेचे ठोकळे जिथे सुरू होतात त्या खोबणीत त्यांचे पुढचे चाक अडकून ते गठ्ठ्यासकट कलंडले. सुदैवाने इजा झाली नाही. मी त्यांना उठवू लागलो तेव्हा ते रागावले नाहीत, शांतपणे एवढेच म्हणाले, “भाऊ, तुमची बत्ती सरळ माह्या डोळ्यात घुसली ना. मले तं रस्ताच नाही दिसला.”

त्या वाक्याने मला जे शिकवले ते कोणत्याही पुस्तकाने शिकवले नसते. प्रकाश निर्माण करणे आता सोपे झाले आहे; त्याला योग्य जागी पाठवणे हेच बत्ती करणाराचे खरे काम. आपल्या शहराशी निगडित असलेल्या एका महान उद्योगात ही गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीच हेरली गेली होती. झीरो माइलच्या स्तंभामुळे ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे नाव आपल्या कानांवर असते, त्याचा आद्य प्रवर्तक विल्यम लॅम्ब्टन हैदराबादेहून नागपूरकडे येत असता १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाट येथे मरण पावला, आणि त्याची कबरही तेथेच आहे. त्याचा उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट याने दिवसाच्या धुरकट, कापत्या हवेऐवजी रात्री मोजणी करण्याची प्रथा पाडली. त्यासाठी दूरच्या टेकडीवर जो दिवा ठेवीत त्याची ज्योत तेलाचीच असे. मागे अन्वस्ताकार परावर्तक असल्यामुळे तिचा प्रकाश दाही दिशांना न विखुरता एका अरुंद झोतात एकवटे, आणि कित्येक मैलांवरच्या दुर्बिणीत तो बिंदू स्पष्ट दिसे. मोठ्या ज्योतीने जे साधले नसते ते परावर्तकाच्या आकाराने साधले.

हाच हिशेब सायकलीच्या बत्तीला लावून पाहावा. समजा, एलईडी २०० लुमेन देतो आणि भिंगातून त्यांतले १७० बाहेर पडतात. हा प्रकाश ४० अंशांच्या शंकूत पसरला तर १० मीटरवर जेमतेम साडेचार लक्स पडतो. तोच १५ अंशांच्या शंकूत एकवटला तर १० मीटरवर सुमारे ३० लक्स आणि २० मीटरवर सुमारे ८ लक्स मिळतो. पौर्णिमेचे चांदणे पाव लक्सच्या वर क्वचितच जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे ८ लक्स किती पुरेसा आहे याची खातरजमा होते. आणि २० मीटरच का? ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारा स्वार सेकंदाला ७ मीटर पुढे सरकतो. खड्डा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, थांबेपर्यंत आणखी सहा ते आठ मीटर लागतात. म्हणजे १५ मीटर तर गेलेच. त्यावर थोडी शिल्लक हवी. त्याहून दूरचे उजळण्याचा अट्टहास सायकलीला अनावश्यक, आणि समोरून येणाऱ्याला अपायकारक होय.

दुसरी बत्ती मी या विचाराने केली. तिच्या कवचासाठी पुन्हा पत्र्याची डबी न घेता स्लायडिंगच्या खिडक्या करणाऱ्या कारागिराकडून ॲल्युमिनियमच्या सेक्शनचा एक उरलेला तुकडा आणला: दीड इंच रुंद, एक इंच उंच, ६ सेंटीमीटर लांब अशी चौकोनी नळी. असे तुकडे त्यांच्याकडे ढिगाने पडलेले असतात, आणि ते बहुधा पैसेही घेत नाहीत. ॲल्युमिनियमच का, याचे उत्तर नागपूरच्या हवेत आहे. एलईडी हातांना गार भासत असला तरी त्याला दिलेल्या विजेचा मोठा भाग उष्णताच होतो. फरक इतकाच की जुन्या बल्बाप्रमाणे ती किरणांच्या रूपाने पुढे निघून न जाता एलईडीच्या पाठीमागे साचते, आणि तिला बाहेर जाण्यास वाट मिळाली नाही तर प्रकाश मंदावतो, आयुष्य घटते, शेवटी एलईडी निकामी होतो. थंड देशात लिहिलेल्या सूचना येथे जशाच्या तशा उपयोगी पडत नाहीत, कारण आपल्याकडे मे महिन्याच्या रात्रीदेखील हवा ३५ अंशांची असू शकते. सुमारे ७५ चौरस सेंटीमीटर पृष्ठभाग असलेली ती नळी दीड-दोन वॅट उष्णता सहज पचवते. माझी कसोटी साधी आहे: बत्ती वारा नसलेल्या खोलीत अर्धा तास पेटती ठेवावी आणि मग कवच मुठीत धरून सावकाश दहा अंक मोजावेत, हात धरवत असेल तर चिंता नाही, काढून घ्यावासा वाटला तर धातू वाढवावा किंवा प्रवाह कमी करावा.

एलईडी घ्यावयाचा तो ॲल्युमिनियमच्या तारांकित चकतीवर बसवलेला, ३ वॅट प्रतीचा. बर्डीत सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांच्या दुकानांतून तो मिळतो. त्याच्यावर बसणारे २० मिलिमीटर व्यासाचे भिंगही तेथेच मिळते. चकतीच्या पाठीला उष्णतावाहक लेप अगदी पातळ लावून ती दोन स्क्रूंनी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर घट्ट बसवावी आणि ती पट्टी नळीच्या अंगाशी कानसून सपाट भिडवावी. मध्ये केसाइतकी हवा राहिली तरी साऱ्या ॲल्युमिनियमचा उपयोग व्यर्थ जातो. 

यानंतर येते विजेची व्यवस्था, आणि तिच्यात एक मर्म आहे. एलईडी हा बल्बासारखा सरळमार्गी नाही. त्याला व्होल्टचा अंशभर अधिक दाब दिला की प्रवाह एकदम उसळतो. शिवाय तो तापला की त्याची दाबाची गरज उतरते, प्रवाह आणखी वाढतो, तो आणखी तापतो. म्हणून त्याला दाब मोजून न देता प्रवाह मोजून द्यावा लागतो. त्यासाठी ३५० मिलिअँपिअर इतकाच प्रवाह सोडणारी तीन पायांची लहानशी चिप मिळते. अशा दोन चिप शेजारी शेजारी जोडल्या की ७०० मिलिअँपिअर होतात, आणि आपल्याला हवे असलेले २०० लुमेन त्यात मिळतात. विजेचा साठा म्हणून १८६५० या नावाने ओळखले जाणारे, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असे दोन लिथियम सेल मी समांतर जोडले. प्रत्येकी २६०० म्हणजे एकूण ५२०० मिलिअँपिअर-तास, म्हणजे बत्ती सुमारे ७ तास चालते. या मांडणीचा एक गुण मला फार आवडतो. सेल रिकामे होत आले म्हणजे बत्ती एकाएकी विझत नाही, हळूहळू मंद होत जाते आणि स्वाराला घरी परतण्याची सूचना देते.

येथे मात्र मला कळकळीने एक इशारा द्यावयाचा आहे. लिथियमचा सेल हा घड्याळातल्या सेलसारखा निरुपद्रवी पदार्थ नव्हे. त्याची दोन टोके धातूने जोडली गेली, त्याला खिळा लागला किंवा तो ४.२ व्होल्टच्या पलीकडे भरला गेला तर तो पेट घेऊ शकतो. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून सेल काढणारी मंडळी आहेत; ज्याला सेलची परीक्षा करता येत नाही त्याने त्या वाटेला जाऊ नये, नवे सेल घ्यावेत. समांतर जोडण्यापूर्वी दोन्ही सेल सारखेच भरलेले आहेत हे मीटरने पाहावे. सेलवर थेट डाख देऊ नये, सेलचे घर वापरावे किंवा पट्ट्या वेल्ड करून घ्याव्यात. भरण्यासाठी ४.२ व्होल्टला आपोआप थांबणारी आणि अतिरिक्त प्रवाह तोडणारी संरक्षक पट्टी अवश्य वापरावी, आणि रात्री झोपताना सेल भरण्यास लावून ठेवू नयेत. दुपारच्या उन्हात उभ्या केलेल्या सायकलीवर सेल ठेवणे हेही आपल्या शहरात टाळलेच पाहिजे. माझ्या बत्तीचे सेल म्हणूनच वेगळ्या डबीत आहेत आणि ते मी काढून घरात नेतो.

पावसाळ्याची तजवीज तुलनेने सोपी. तारेचे छिद्र कवचाच्या खालच्या अंगाला ठेवावे, तार आत शिरण्यापूर्वी तिला एक झोल द्यावा म्हणजे पाणी तिथूनच टपकते, आणि सांधे सिलिकॉनने बुजवावेत. हँडलाला आवळण्यासाठी पाण्याच्या नळीची क्लिप आणि जुन्या ट्यूबचे दोन वेढे यांहून उत्तम साधन मला सापडलेले नाही.

बत्तीची दिशा ठरवण्याची रीत सांगतो. सायकल भिंतीपासून १० मीटरवर उभी करावी. जमिनीपासून बत्तीची उंची मोजावी. ती ९० सेंटीमीटर भरली तर भिंतीवर ४५ सेंटीमीटरला खडूची रेघ ओढावी आणि झोताचा मध्य त्या रेघेवर आणावा. भिंत नसती तर तो झोत बरोबर २० मीटरवर जमिनीला टेकला असता. भिंगाच्या वरच्या कडेला ॲल्युमिनियमच्या पत्र्याची एक झडप बसवली म्हणजे वर जाणारा उरलासुरला प्रकाशही अडतो. जर्मनीत सायकलीच्या दिव्याने एका ठरावीक रेषेच्या वर किती प्रकाश टाकावा यावर कायद्याने मर्यादा घातलेली आहे. आपण ती मर्यादा खडूच्या रेघेने स्वतःवर घालून घ्यावी. बत्ती शक्य तितकी खाली, पुढच्या चिमट्याच्या माथ्याशी बसवण्यात आणखी एक लाभ आहे. डोळ्यांच्या रेषेतला दिवा, मग तो शिरस्त्राणावर का असेना, खड्ड्याची सावली आपल्यापासून लपवतो. खालून तिरपा जाणारा प्रकाश मात्र बारीक खडीमागेही लांब सावली पाडतो, आणि रस्त्याचा चढउतार वाचता येतो.

लांब पल्ल्याच्या स्वारांना हे सारे अनुभवाने ठाऊक असते. आमच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी, सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत १२ दिवसांच्या मुदतीत एकट्याने पूर्ण केली, आणि पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिव्होस्तोक ही सुमारे ९१०० किलोमीटरची रशियातील शर्यतही. त्या अमेरिकी शर्यतीत रात्री स्वाराच्या पाठीशी साह्यकारी मोटार दिवे लावून चालते. पॅरिसच्या ऑडॅक्स संस्थेच्या नियमांनुसार होणाऱ्या ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्यांमध्ये तशी मुभा नाही. ४०० किलोमीटरला २७ तास आणि ६०० किलोमीटरला ४० तास अशी मुदत असल्यामुळे रात्र टळत नाही. पुढे पांढरा आणि मागे तांबडा दिवा सायकलीला पक्का बसवलेला असल्यावाचून स्वाराला निघू देत नाहीत. त्यांतला मागचा तांबडा दिवा ही चैन नव्हे. पुढची बत्ती आपल्याला रस्ता दाखवते, मागची आपल्याला ट्रकचालकाच्या दृष्टीस आणते. आणि दोहोंपैकी एकच परवडत असेल, तर दिवे असलेल्या शहरी रस्त्यावर मी मागचीच आधी बसवीन.

त्या वृत्तपत्रविक्रेत्यांची गाठ मी नंतर मुद्दाम घेतली. सेल भरणे, काढणे, सांभाळणे हा त्यांच्या दिनक्रमात बसणारा व्याप नव्हता. पण त्यांच्या जुन्या सायकलीच्या चिमट्याला डायनॅमो अजून शाबूत होता, केवळ बल्बअभावी कित्येक वर्षे निष्क्रिय राहिलेला. डायनॅमोचा एक स्वभाव असा की त्याच्या आतल्या वेटोळ्यामुळे वेग कितीही वाढला तरी प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आसपासच राहतो; म्हणजे एलईडीला जो मोजका प्रवाह हवा असतो तो हे यंत्र आपण होऊनच देते, त्याला चिपची गरज लागत नाही. प्रवाह आलटून पालटून उलटा होत असल्यामुळे चार डायोडांची चौकट घालून तो एकमार्गी केला, एका पाठोपाठ एक असे दोन एलईडी जोडले, आणि चौकात थांबल्यावरही काही वेळ मंद उजेड राहावा म्हणून त्यांना समांतर असे मोठ्या क्षमतेचे दोन धारित्र, प्रत्येकी साडेपाच व्होल्टचे, एकामागे एक जोडून बसवले. भिंग तेच, झडप तीच. सर्व मिळून एका संध्याकाळचे काम झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे बर्डीत, जिथे वृत्तपत्रांचे गठ्ठे सुटतात त्या पदपथाशी, मी ती बत्ती त्यांच्या सायकलीला बसवली. त्यांनी डायनॅमोचे डोके टायरला टेकवले, रस्त्यावर एक लांब फेरी मारली, आणि परत येऊन पुढच्या चाकाशी उकिडवे बसून झोत कुठे पडतो ते निरखून पाहिले. “अजून जराशी खाली घ्या, भाऊ,” ते म्हणाले. मी पाना काढला आणि नट अर्धा आटा सैल केला.